रोध, रोधकता आणि काकांची जळालेली मोटर

आजचा एपिसोड छोटा आहे आणि त्यात फजिती माझीच आहे.

गावी काकांच्या विहिरीवर दोन एचपीची सिंगल फेज मोटर आहे. मीटरच्या पेटीपासून विहीर २०० मीटर. तांब्याची केबल चोरीला गेली, म्हणून काकांनी ॲल्युमिनियमची टाकली. जाडी तीच, अडीच स्क्वेअर एमएम. तेव्हापासून मोटर कधी चालू व्हायची, कधी नुसतीच गुणगुणायची. दोनदा जळाली, दोनदा रिवाइंडिंग. मी फोनवर सांगितलं, "काका, लाइनलाच व्होल्टेज नसणार, तक्रार करा." बीटेक पुतण्याचा सल्ला!

दिवाळीत गेलो, मल्टिमीटर लावला. मोटर चालू असताना पेटीत २३० व्होल्ट, विहिरीवर १८५. म्हणजे लाइन चांगली होती, ४५ व्होल्ट आमच्याच केबलमध्ये जात होते.

परीक्षेत मी लिहिलं होतं की रोधकता हा पदार्थाचा गुण आणि रोध हा त्या विशिष्ट वायरचा. मार्कही मिळाले होते. पण त्याचा अर्थ असा, की एक मीटर लांब आणि एक स्क्वेअर एमएम जाड तांब्याच्या तारेचा रोध ०.०१७ ओहम, ॲल्युमिनियमच्या तारेचा ०.०२८. हे आकडे धातूचे, ते काही आपल्या हातात नाहीत. लांबी आणि जाडी मात्र आपण ठरवतो. लांबीने गुणायचं, जाडीने भागायचं, झाला रोध. आणि लांबी २०० नाही बरं का, ४००! करंट जातो तसा परतही येतो. (मी आधी २०० च धरले होते.)

०.०२८ गुणिले ४००, भागिले अडीच: साधारण साडेचार ओहम. मोटर १० अँपिअर घेते, की गेले ४५ व्होल्ट. तांब्यात २७ जायचे. शिवाय सुरू होताना मोटर कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे तेव्हा व्होल्टेज आणखी पडतं. मोटर फिरत नाही, वाइंडिंग तापत राहतं.

काका म्हणाले, "म्हणजे ॲल्युमिनियमच वाईट?"

तसं नाही. रोधकता तांब्याच्या दीडपटीहून थोडी जास्त, तर जाडीही तितकीच वाढवायची. तरीही वजन तांब्याच्या निम्म्याच्या आसपास राहतं. म्हणून तर शेतावरून जाणाऱ्या हाय टेन्शनच्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात, आत ताणासाठी पोलादी गाभा.

आम्ही सहा स्क्वेअर एमएमची घेतली. आता १९ व्होल्ट जातात, विहिरीवर २१० च्या आसपास मिळतात. रिवाइंडिंगचा खर्च मात्र काका अजून माझ्याच नावावर सांगतात.