सातबाऱ्यापलीकडचं गाव

1970 मध्ये सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण परिसरातल्या 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहू लागली. जमिनीची भरपाई मिळाली ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. पण गाव म्हणजे काही फक्त खातेदार नव्हेत. या आगरी-कोळी वस्त्यांत कुणी मिठागरात राबत होतं, कुणी खाडीत जाळं टाकत होतं, कुणी दुसऱ्याच्या भातशेतीवर मजुरी करत होतं. मासळी विकणाऱ्या बाईची कमाई कोणत्या कागदावर होती? समाजशास्त्र नेमकं हेच विचारतं: कोण कशावर जगतं, कुणाच्या आधारानं जगतं? धोरण आखणाऱ्यांनी हे आधी विचारलं नाही, तर लोकांना ते रस्त्यावर उतरून सांगावं लागतं. इथंही तेच झालं. जानेवारी 1984 मध्ये स्थानिक नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. मोठाच विजय होता तो! पण हिशेब पुन्हा जमिनीचाच झाला. यापुढे प्रत्येक प्रकल्पात मोजणीआधी घरोघरी उपजीविकेची पाहणी व्हावी, आणि तिच्यात भूमिहीनांची नोंद सर्वांत आधी व्हावी.