दवाखान्याची वाट आधी ओळखून ठेवा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर आजारपणाचा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण आपल्या कोकणात घरात मोठे दुखणे आले की पहिला घाव मुलांच्या शिक्षणावर पडतो. दागिना गहाण जातो, कर्ज निघते आणि शिकती मुलगी घरी बसते. पुष्कळदा तोच उपचार सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळण्यासारखा असतो. घरात कोणाला ठाऊक नसते, एवढेच. म्हणून आज मला एकच गोष्ट सांगावयाची आहे : दवाखान्याची वाट आजार येण्यापूर्वी ओळखून ठेवावी.

ही व्यवस्था पायऱ्यापायऱ्यांची आहे. पहिली पायरी उपकेंद्र. सपाटीवर ५,००० व डोंगराळ भागात ३,००० वस्तीमागे एक, असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. बाळांचे लसीकरण, गरोदरपणाची तपासणी, रक्तदाब पाहणे ही कामे तेथे होतात. डॉक्टरसाहेबांपुढे जाण्यास संकोचणाऱ्या भगिनींनी ध्यानात घ्यावे की येथे गरोदर मातेला तपासणारी नर्सबाईच असते. दुसरी पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र. तेथे डॉक्टर असतात. त्यापुढे ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय, जसे खेड तालुक्यात कळंबणी, चिपळूण तालुक्यात कामथे. शेवटी जिल्ह्याच्या गावी मोठे रुग्णालय, ज्याला आपण ‘सिव्हिल’ म्हणतो. साध्या तापासाठी थेट सिव्हिल गाठले तर दिवस व एस.टी.चे भाडे दोन्ही जातात. जवळच्या केंद्रात आधी दाखवावे. गरज पडल्यास तेथील डॉक्टर चिठ्ठी देऊन पुढे पाठवतात. मात्र अपघात, छातीत कळ, सर्पदंश अशा वेळी पायऱ्या मोजू नयेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. गरोदर माता व तान्ह्या बाळासाठी १०२ हा क्रमांक आहे.

“सरकारी दवाखान्यात काय मिळणार?” असे म्हणणाऱ्यांना मी महाडजवळच्या बिरवाडीचे उदाहरण देतो. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नोकरीस होते. त्या काळी लाल विंचवाच्या गंभीर दंशाने शंभरांतील तीस-चाळीस रोगी दगावत. डॉक्टरांनी रोग्यांच्या उशाशी बसून निरीक्षणे केली, प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले, आणि पुढे मृत्यूचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आले. जगाने त्या कामाची दखल घेतली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण हे औषधही रोगी वेळेत पोहोचला तरच उपयोगी पडते. मांत्रिकाकडे गेलेली रात्र परत मिळत नाही.

आता पैशाविषयी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये यात येत नाहीत. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, विनामूल्य आहे. औषधे, रक्त व आहारही त्यात आले. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. योजनेत घेतलेल्या रुग्णालयांत, ठरवून दिलेल्या आजारांवर, कुटुंबामागे दरसाल ५ लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. तेथे गेल्यावर प्रथम ‘आरोग्यमित्र’ कोठे बसतो ते विचारावे आणि पैसे भरण्यापूर्वी त्याला भेटावे.

येथे आपल्या घरांत एक अडचण हटकून येते. रेशनकार्डावर ‘मोहम्मद’, आधारकार्डावर ‘महमद’. एकीकडे ‘शेख’, दुसरीकडे आडनावच नाही. लग्नानंतर सुनेचे नाव सासरच्या रेशनकार्डावर चढवायचे राहून जाते. हा फरक रुग्ण खाटेवर असताना उघडकीस येतो आणि घरची माणसे तहसील कचेरीत धावत सुटतात. पालकहो, घरी गेल्यावर सर्वांची कागदपत्रे एकत्र मांडून नावे ताडून पाहा व आताच दुरुस्त करून घ्या. केसपेपर आणि जुने रिपोर्टही एका पिशवीत जपून ठेवा.

सरकारी दवाखान्यात रांग असते, कधी औषध संपलेले असते, हे मी नाकारीत नाही. पण त्यावर उपाय घरी बसणे हा नव्हे. आधी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांशी सभ्यपणे बोलावे. दाद न लागल्यास उपकेंद्र व प्राथमिक केंद्राबद्दल जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, आणि ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयाबद्दल जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यावी.

विद्यार्थी मित्रहो, हा अर्ज लिहिण्याचे काम तुमचे. घरातील कर्ता पुरुष आखातात नोकरीला, आजीला पाटी वाचता येत नाही. अशा घरी शिकलेले मूल हाच मोठा आधार. आजीचा केसपेपर काढणे, डॉक्टरांनी सांगितलेले तिला तिच्या बोलीत समजावून देणे, गोळी केव्हा घ्यायची ते लिहून ठेवणे, हीही विद्येचीच परीक्षा आहे. ती सर्वांनी उत्तीर्ण व्हावी अशी शुभेच्छा देतो.