मुंबईतल्या घरांचे दर उतरतील का?

श्रोतेहो, विषय जाहीर झाल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय: दर उतरणार का? उत्तर आधीच देतो, म्हणजे ज्यांना लोकल गाठायची आहे त्यांची सोय होईल. फारसे नाही उतरणार. का, ते मात्र बसून ऐकावं लागेल.

मुंबईत मोकळी जमीन जवळपास संपली. गिरण्यांच्या जागा हा शेवटचा मोठा साठा. १९८२च्या संपानंतर, आणि विशेषतः २००१च्या नियमबदलानंतर, तिथे टॉवर आणि मॉल आले. आता नवं घर उभं राहतं ते बहुधा जुनं पाडूनच.

हिशेब बघा. समजा, पार्ल्यातली चार मजली सोसायटी आहे. २४ सभासद, प्रत्येकाचं ५०० चौरस फूट. बिल्डर ७०० देतो. म्हणजे १६,८०० फूट कार्पेट त्याला फुकट बांधून द्यायचंय. प्रत्येकाला महिना ४० हजार भाडं धरलं, तर तीन वर्षांचे जवळजवळ साडेतीन कोटी. वर सभासदांना द्यायचा कॉर्पस निधी, शिफ्टिंग, पालिकेचा प्रीमियम, कर्जाचं व्याज. हे सगळं भरतो कोण? वरच्या मजल्यावर नवा फ्लॅट घेणारा. जनरल बॉडीत आणखी ५० फुटांसाठी भांडणारे आणि ‘आमच्या मुलाला इथे घर परवडत नाही हो’ म्हणून हळहळणारे, हे बरेचदा तेच सभासद असतात!

आणि ही २४ कुटुंबं तोवर राहतात कुठे? मुलांची शाळा जवळ हवी, आजींचा डॉक्टर जवळ हवा, म्हणून त्याच गल्लीत. शेजारच्या दोन सोसायट्याही तेव्हाच खाली झालेल्या असतात. मग ज्याचा रिडेव्हलपमेंटशी काडीचा संबंध नाही, त्या भाडेकरूचा ११ महिन्यांचा करार संपला की मालक आकडा वाढवतो.

भाड्याचं दुखणं जुनंच आहे. १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर बांधली गेली. भाडेकरू वाचला, पण भाड्यासाठी घरं बांधणं आणि दुरुस्त करणं मालकांनी सोडलं. पागडी बोकाळली. निर्धास्तपणे भाड्याने राहायची सोय उरली नाही, तेव्हा खरेदीची मागणी आटणार कशी? २०२० साली स्टॅम्प ड्युटी ५ टक्क्यांवरून २ वर आणली, तर नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या.

मंदी आली तरी बिल्डर पाटीवरचा दर हलवत नाही. आधी घेतलेले दारात येऊन उभे राहतील ना! तो स्टॅम्प ड्युटी भरतो, मॉड्युलर किचन देतो. दर थोडे नमलेच तर उलवे-पनवेलकडे. अटल सेतू झाला, विमानतळही सुरू झाला, आणि तिथे अजून जमीन आहे. अर्थात, गुंतवणूकदार तिथे आपल्या आधी पोचलेत.

मला खरी काळजी वेगळीच आहे. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० फुटांच्या खोलीतली माणसं ५०० फुटांच्या घरात गेली; ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या चाव्या मिळाल्या. चांगलंच झालं. पण चाळीत काय किंवा जुन्या सोसायटीत काय, खर्च असून असून केवढा? पंप, सफाई, फार तर वॉचमन. टॉवरमध्ये लिफ्ट, जनरेटर, आग विझवायची यंत्रणा, सांडपाण्याचा प्रकल्प. पेन्शनवरच्या माणसाला हे बिल झेपत नाही, मग तो नवं घर भाड्याने देऊन बदलापूर गाठतो. तेव्हा तुमच्या सोसायटीची पुढची सभा होईल, तिथे वाढीव फुटांच्या आधी एवढं विचारा: कॉर्पसच्या व्याजातून दरमहाचा मेंटेनन्स निघणार आहे का? अजेंड्यावर हा विषय सहसा नसतो.