'जरा पड, बरं वाटेल' म्हणण्याआधी

मेंदूच्या रक्तवाहिनीवर कधी फुग्यासारखा फुगवटा येतो. तो फुटला की क्षणात, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी सुरू होते. उलटी होते, मान आखडते, कधी शुद्ध जाते. हा आजार बायकांमध्ये जास्त दिसतो. आणि आपल्या घरांत अम्मीची डोकेदुखीच सर्वांत सहज उडवून लावली जाते.

पूर्वी कवटी उघडून फुगवट्याला चिमटा लावत. काहींना आजही तेच लागतं. पण बऱ्याच जणांना मांडीच्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुगवट्यात प्लॅटिनमची तार भरता येते. २००२च्या 'आयसॅट' चाचणीत वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी झालेले रुग्ण शस्त्रक्रियेत सुमारे ३१ टक्के होते, तारेच्या उपचारात २४.

पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो. तेव्हा कल्याण, डोंबिवली, मुंब्रा, कुठेही असा, सलाईन लावून रात्र काढू नका. ॲस्पिरिन देऊ नका. १०८ला फोन करा, डोक्याचा सीटी स्कॅन लगेच करायला सांगा. रक्तस्राव दिसला तर पुढे हलवण्याआधी फोनवर विचारा: मेंदूत तार भरणारे डॉक्टर आत्ता आहेत का? नुसत्या कॅथलॅबवर जाऊ नका, ती बहुतेकदा हृदयासाठी असते. न विचारता निघालात तर शीळफाट्याच्या कोंडीतून ठाणे, तिथून परळ, अशी वणवण होते.