दान मिळालेल्या मूत्रपिंडाची राखण



वसंत ऋतूतल्या या व्याख्यानमालेत रोगाचा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे पंगतीत काढा वाढण्यासारखे आहे, याची आम्हांला जाणीव आहे. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. महाड-पोलादपूरकडच्या एखाद्या घरात मूत्रपिंडाचे, म्हणजे आपण बोलताना ज्याला किडनी म्हणतो त्याचे, रोपण व्हायचे ठरले की सारे घर मुंबईच्या खेपा घालू लागते. आई मुलाला, बायको नवऱ्याला आपल्या देहाचा भाग काढून देते. शस्त्रक्रिया पार पडते, पेढे वाटले जातात, आणि आता सुटलो असे सर्वांना वाटते. पण मिळालेले मूत्रपिंड टिकवायचे कसे, आणि ते आतून खराब होऊ लागले तर वेळेवर कळायचे कसे, हा प्रश्न तेव्हाच सुरू होतो.

प्रथम थोडा इतिहास. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले, आणि ते चालले. दोघे एकाच घडणीचे, म्हणून शरीराने ते परके मानले नाही. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली पहिला प्रयत्न झाला. तो रुग्ण वाचला नाही. १९७१ मध्ये वेल्लोर येथे यश आले. पुढे शरीराचा विरोध दाबून ठेवणारी चांगली औषधे निघाली, आणि १९९४ च्या कायद्याने मेंदू मृत झालेल्या माणसाचे अवयव गरजूंना देण्याची वाट मोकळी केली. पहिले वर्ष आता बहुतेक जण पार करतात. अडचण आहे ती त्यापुढच्या वर्षांची.

ती अडचण म्हणजे वण. हातावरची खोल जखम भरली की जागी वण राहतो. त्या कातडीला घाम येत नाही, केस उगवत नाहीत. मूत्रपिंडातही असेच घडते. शरीराचा छुपा विरोध, जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब आणि विरोध दाबणारी काही औषधे स्वतःच, अशा अनेक कारणांनी आत बारीक इजा होत राहते आणि जिवंत पेशींच्या जागी निव्वळ तंतू साठतात. तंतू रक्त गाळीत नाहीत. शिवाय हे सारे न दुखता चालते.

आपल्या सावित्रीकडे पाहा. काठावरून पाहणाऱ्याला नदी दरसाल तशीच दिसते. तळाशी गाळ किती चढला, ते २२ जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठ पाण्याखाली गेली तेव्हा साऱ्यांच्या बोलण्यात आले. रक्तातील क्रिएटिनीनची तपासणी म्हणजे काठावरून पाणी पाहणे. ती स्वस्त आहे, आवश्यकही आहे. पण मूत्रपिंडाचा बराच भाग निकामी होईपर्यंत उरलेला भाग काम ओढून नेतो, आणि आकडा वाढायला उशीर लागतो.

मग सुईने तुकडा काढून पाहतात. त्याला बायॉप्सी म्हणतात. तो तुकडा सुतासारखा बारीक. मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात, आणि तुकड्यात दहा गाळण्या व दोन धमन्या सापडल्या तरी नमुना पुरेसा मानतात. नदीत एका जागी खड्डा खणून साऱ्या पात्राचा अंदाज बांधावा, तसे हे आहे. वण सगळीकडे सारखा नसतो. शिवाय सुईने रक्तस्राव होण्याची थोडी भीती असते. म्हणून ही तपासणी दर महिन्याला करता येत नाही.

येथे चुंबक मदतीला येऊ पाहतो. एमआरआय यंत्रात प्रखर चुंबकाच्या साहाय्याने शरीरातील पाण्याच्या सूक्ष्म कणांकडून येणारे संकेत टिपतात व त्यांचे चित्र बनवितात. यात क्ष-किरण नसतात. ज्यांच्या संशोधनातून हे तंत्र उभे राहिले त्या लॉटरबर व मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रोपण केलेले मूत्रपिंड ओटीपोटात बसवितात. तेथे ते श्वासाबरोबर फारसे हलत नाही, म्हणून चित्र घेणे सोपे जाते.

वण ओळखण्याच्या दोन रीती सांगण्यासारख्या आहेत. पहिली, पाण्याच्या कणांची भटकंती मोजणे. निरोगी भागात हे कण मोकळे फिरतात. तंतूंची दाटी झाली की त्यांची वाट अडते. मूत्रपिंडाची बाहेरची साल आणि आतला गाभा यांतील भटकंतीचा फरक वणामुळे कमी होतो, असे स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाच्या संशोधकांनी दाखविले. पुढे कोणाचे मूत्रपिंड ढासळणार याचा अंदाजही त्यावरून बांधता येतो, असे त्यांना आढळले. दुसरी रीत आपल्याला परिचयाची आहे. आंबा पिकला की नाही हे आपण दाबून पाहतो. येथे पोटावर हलकी कंपने देतात आणि ती आत कशी पसरतात ते चुंबकाने टिपतात. ताठर भागात लाट वेगाने जाते. दोन्ही रीतींना शिरेतून रंगद्रव्य टोचावे लागत नाही, हे महत्त्वाचे. कारण गॅडोलिनियमच्या काही द्रव्यांमुळे मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णांची कातडी घट्ट होण्याचा विकार जडतो, हे २००६ साली ध्यानात आले.

पण कोणी उद्याच यंत्राकडे धाव घेऊ नये. सूज आली तरी पाण्याची वाट अडते, आणि रक्तप्रवाह बदलला तरी ताठरपणा बदलतो. दोन यंत्रांचे आकडे जुळतीलच असे नाही. वण आहे एवढे चुंबक सांगेल. तो कशाने झाला हे मात्र बहुधा सुईनेच कळेल. सध्या या रीतींचा वापर मुख्यतः संशोधनात आहे. सुई कोणाला व केव्हा टोचावी, आणि उपचाराने वण वाढायचा थांबला की नाही, हे त्यांनी सांगावे, एवढीच रास्त अपेक्षा आहे.

मग आपल्या हाती काय? एकदा पडलेला वण पुसणारे औषध आज नाही. तो वाढू न देणे मात्र पुष्कळ अंशी शक्य आहे. समजा, पोलादपूरजवळच्या वाडीतील एक तरुण आहे. आईचे मूत्रपिंड घेऊन चार वर्षे झाली, प्रकृती उत्तम. मुंबईची खेप म्हणजे दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे. एक खेप टळते, मग गोळ्याही एक दिवसाआड होतात. त्याला काहीच दुखत नाही, आणि घात होतो तो यामुळेच. अशा घराला यंत्रापेक्षा शेजाऱ्याची गरज अधिक आहे. पावसाळ्यात घाट बंद पडतात, म्हणून ज्येष्ठातच महिन्याच्या गोळ्या घरी आणून ठेवाव्यात. रक्त, लघवी व रक्तदाब तपासण्याची तारीख भिंतीवर लिहावी. कोणाकडे प्रवासखर्च नसेल तर आळीने वर्गणी काढावी. गणपतीची वर्गणी काढणाऱ्या आपल्या गावांना हे जड नाही.

आईने एकदाच देता येण्यासारखे दान दिले आहे. ते फुकट जाऊ न देणे हे त्या मुलाचे कर्तव्य आहे आणि थोडेसे आपले सर्वांचेही.