नजरेआडचे काम



यंदाच्या भांडवली खर्चाचा मोठा वाटा नजरेस न पडणाऱ्या कामावर झाला आहे. आपल्या दगड-चुन्याच्या जुन्या इमारतीतील वायरिंग दिवे व पंखे एवढ्याच भारासाठी केलेले होते. आज त्याच इमारतीत व्हेंटिलेटर, बेबी वॉर्मर व वातानुकूलन यंत्रे चालतात. क्षमतेपेक्षा अधिक प्रवाह वाहिला की तार तापते, वेष्टन वितळते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालके दगावली. त्यानंतर हे काम लांबणीवर टाकणे आम्हांस उचित वाटले नाही.

भार पेलणाऱ्या भिंतींना खाचा न पाडता तांब्याच्या नव्या तारा पाइपांतून भिंतींवरून नेल्या. अर्थिंग नव्याने केले. वॉर्डांतील सर्वसाधारण प्लगांना, ३० मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारी साधने जोडली. जलवाहिन्या वीजमार्गापासून दूर सरकविल्या.

या काळात एकेक कक्ष बंद ठेवावा लागला, काही रुग्णांना अन्यत्र पाठवावे लागले. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. शस्त्रक्रियागृहाचे काम अद्याप बाकी आहे. तारेवर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही या कार्यास आपण सढळ हस्ते साहाय्य करावे, ही नम्र विनंती.