दात येतात तेव्हा



गेल्या श्रावणात आमच्या घरात एक पिल्लू आलं. गल्लीतल्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. चार जणांची सोय लागली, एक उरलं, ते मुलांनी पावसात भिजलेलं उचलून आणलं. रंगानं तांबूस म्हणून नाव तांबू. तेव्हा ते दोन महिन्यांचं असेल. बाहेरच्या पायपोसावर गुंडाळी करून निजायचं आणि सगळ्यांना ते फार गुणी वाटायचं.

गणपती झाले आणि त्याचे गुण दिसायला लागले. आधी पायपोस कुरतडला. मग केरसुणी, मग पाटाचा कोपरा, धाकटीच्या भूगोलाच्या वहीची तीन पानं, दोरीवर वाळत घातलेल्या साडीचा काठ. आम्ही ओरडायचो, वर्तमानपत्राची सुरळी करून जमिनीवर आपटायचो. ते कान पाडून कोपऱ्यात जायचं आणि पाच मिनिटांनी खाटेच्या पायाशी हजर व्हायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र त्यानं मामंजींची वहाण फाडली. मामंजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या कोल्हापुरी वहाणा सासूबाईंनी दाराआड तशाच ठेवल्या होत्या. रोज केर काढताना त्या उचलायच्या, पुसायच्या आणि परत तिथंच ठेवायच्या. आम्ही बाजारातून आलो तर एका वहाणेचा अंगठा आणि पट्टा गेलेला, तुकडे अंगणभर. मुलांचे बाबा म्हणाले, "बास झालं. उद्या याला बाजारपेठेच्या पलीकडे सोडून येतो." मुलं रडायला लागली. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. तुकडे गोळा करून पदरात घेतले आणि आत गेल्या.

त्या रात्री आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. सोडून यायचं म्हणजे कुठं? चार महिन्यांचं पिल्लू, घरचं अन्न खाल्लेलं, रस्त्यावर दोन दिवसही टिकलं नसतं. आणि उपाशी मरेल अशा ठिकाणी पाळलेला प्राणी सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे. सकाळी सासूबाईच म्हणाल्या, "अगं, कातडं ते कातडंच. त्याला काय कळतंय कुणाची वहाण ते? आधी डॉक्टरला विचारा, मग काय ते ठरवा." तसं आम्ही त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं जे कळलं आणि पुढं घरी करून जे पटलं, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, पिल्लाला दुधाचे दात 28 असतात. साधारण साडेतीन-चार महिन्यांचं झालं की ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के 42 दात येतात. या काळात हिरड्या सळसळतात, दुखतात. आपल्या तान्ह्या बाळाला दात येताना ते जे हाताला लागेल ते तोंडात घालतं, तसंच हे. शिवाय पिल्लाला हात नाहीत, वस्तू काय आहे ते त्याला तोंडानंच बघावं लागतं. म्हणजे तांबू आमच्यावर सूड उगवत नव्हता.

मग आपण रागावल्यावर ते अपराध्यासारखं का बघतं? याचा अभ्यास झालेला आहे. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकेतल्या संशोधक बाईंनी 2009 मध्ये तो प्रसिद्ध केला. कुत्र्याचा तो चेहरा त्यानं चूक केली की नाही यावर नव्हे, तर मालक रागावला की नाही यावर ठरतो, असं त्यांना दिसलं. काहीच न केलेली कुत्रीही ओरडा बसला की तसंच बघत होती. तासाभरानं आपण फाटकी वहाण नाकाशी नेऊन मारलं, तर पिल्लू एवढंच शिकतं की ही माणसं घरी आली की भीती वाटते. आम्ही सुरळी आपटणं बंद केलं.

दुसरी गोष्ट, घर आवरणं. त्याच्या उंचीला बसून आम्ही घर बघितलं. चपला कपाटात गेल्या, चार्जरच्या वायरी वर बांधल्या, औषधांच्या पट्ट्या उशाखालून फडताळात गेल्या. आम्ही कामात असू तेव्हा तांबू स्वयंपाकघराबाहेरच्या पडवीत, मध्ये लाकडी फळी लावून. त्याच्या आवाक्यात वस्तू ठेवणं ही आमची चूक होती, हे मान्य करायला आम्हाला जड गेलं, पण नुकसान निम्मं तिथंच थांबलं.

तिसरी गोष्ट, चावायला हक्काचं काहीतरी देणं. सुती फडकं ओलं करून, गाठ मारून बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं आणि गार झालं की द्यायचं. गार गाजर द्यायचं. रबराचं पोकळ खेळणं मिळतं, त्यात दहीभात भरून गोठवला की अर्धा तास निवांत जातो. हे सगळं आपण समोर असतानाच द्यायचं, कारण फडक्याचे धागे पोटात गेले तर आतडी अडकतात. खूप कडक वस्तू नको. वस्तूवर अंगठ्याचं नख दाबून बघा, नखाचा वण उठत नसेल तर दात मोडायची भीती. शिजवलेली हाडं तर मुळीच नकोत, त्यांच्या अणकुचीदार कपच्या होतात. आणि आम्ही केलेली एक चूक तुम्ही करू नका: जुनी चप्पल "ही तुझी" म्हणून दिली. जुनी आणि नवी हा फरक आपला, कुत्र्याला दोन्हींचा वास सारखाच.

चौथी गोष्ट, हिसकावणं बंद. आम्ही मागे धावलो की त्याला खेळ वाटायचा, ते आणखी पळायचं. सारखं हिसकावलं की पिल्लू वस्तू राखायला आणि गुरगुरायला शिकतं. त्याऐवजी उकडलेल्या अंड्याचा तुकडा पुढं करायचा, "सोड" म्हणायचं, तोंड उघडलं की शाबासकी द्यायची आणि लगेच त्याचं खेळणं पुढं सरकवायचं. पंधरा दिवसांत "सोड" त्याला समजलं.

पाचवी गोष्ट आम्हाला दिनदर्शिकेनं शिकवली. आठवडाभर आम्ही प्रत्येक नुकसानीची वेळ चौकटीत लिहिली. बहुतेक सगळं सकाळी अकराच्या सुमाराला आणि संध्याकाळी सातनंतर. अकराला सगळे आपापल्या कामात आणि ते रिकामं. सातला मुलांनी दमवलेलं आणि झोप न मिळालेलं. पिल्लाला दिवसरात्र मिळून अठरा तासांच्या आसपास झोप लागते. मग अकराला जुन्या टॉवेलात पोळीचे तुकडे गुंडाळून द्यायला लागलो, ते शोधण्यात त्याचं डोकं दमायचं. सातला पडवीत दिवा मालवून त्याला निजवायचं. लसी पूर्ण झाल्यावर सकाळ-संध्याकाळ फिरणं सुरू केलं.

कुणी सांगेल, खाटेच्या पायाला मिरचीपूड लावा. नका लावू, डोळ्यांत गेली तर हाल होतात. आम्ही कारल्याचा रस लावून बघितला. पायाला तोंड लावणं थोडं कमी झालं, पण रस रोज लावावा लागतो.

आता जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी. मनुका-बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण, बिनसाखरेचं च्युइंगम, डांबरगोळ्या, उंदराचं औषध, घड्याळाचा सेल, आपल्या तापाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या, कण्हेर, हे कुत्र्याला विषारी आहे. असलं काही पोटात गेलं तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका. पाकीट हातात घेऊन तसंच डॉक्टरकडे जा. वायर चावताना शॉक लागला तर आधी मेन स्विच बंद करा, मगच पिल्लाला हात लावा. नंतर ते बरं दिसलं तरी दाखवून या, कारण फुप्फुसाचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. सारख्या उलट्या, खाणं बंद, पोट फुगलेलं, असं दिसलं तर वाट बघू नका.

आणि मैत्रिणींनो, खेळताना दात लागून आपल्या हातातून रक्त आलं तर "घरचंच पिल्लू आहे" म्हणून सोडू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवा. हळद, चुना, तेल काही लावू नका. आमच्या धाकटीला असंच लागलं होतं, तिला इंजेक्शनं घ्यावी लागली. तांबूला तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची लस देता आली असती, ती आम्ही उशिरा दिली. हे आमचं चुकलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीत त्यानं आकाशकंदिलाची झिरमिळी खाल्ली, आम्ही रात्र जागून काढली, सकाळी ती बाहेर पडली. संक्रांतीच्या सुमाराला मात्र फरक दिसायला लागला. पक्के दात आले, हिरड्यांचा त्रास संपला. वरच्या सुळ्याशेजारी दुधाचा एक सुळा तसाच राहिला होता, तो डॉक्टरांनी काढला. तुमच्या पिल्लाला असे दोन सुळे शेजारी-शेजारी दिसले तर दाखवा. अजूनही एखादा कंटाळवाणा दिवस गेला की पायपोसाचा कोपरा ओला सापडतो. वर्ष-दीड वर्षापर्यंत हे चालायचंच, असं डॉक्टर म्हणाले.

मुलांच्या बाबांनी परत कधी सोडून यायचं नाव काढलं नाही. सकाळचं फिरणं आता त्यांच्याकडेच आहे. चांभारानं वहाण बघितली, अंगठा नवा घालता येईल म्हणाला, पण सासूबाई नको म्हणाल्या. दोन्ही वहाणा त्यांनी स्वतःच्या ट्रंकेत ठेवल्यात, एक धड आणि एक फाटकी. दाराआडची जागा रिकामी आहे. केर काढून झाला की त्या तिथं टेकून बसतात आणि तांबू त्यांच्या पायाशी येऊन निजतो.

तुमच्या घरी पिल्लू येणार असेल तर दात यायच्या आधीच घर आवरा. आणि जी वस्तू परत मिळणार नाही, ती आजच उचलून वर ठेवा.